नानांच्या गुलाबाच्या काड्या

प्रमिला भोळे धुळ्याहून जळगावला निघाली तेव्हा तिच्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तीन काड्या होत्या आणि डोक्यात एक भाषण होतं. काड्या वाळू नयेत म्हणून पारोळ्याला आणि एरंडोलला एसटी थांबली तेव्हा तिनं त्यांवर पाणी शिंपडलं. भाषणावर मात्र ती सगळा रस्ता हात फिरवत होती.

काड्या तिच्या वडिलांच्या गुलाबाच्या. शालिग्रामनाना दसऱ्यानंतर गेले. जळगावचं भाड्याचं घर सोडताना तिनं भांडीकुंडी नात्यात वाटली आणि गुलाबाची कुंडी तेवढी धुळ्याला नेली. नानांनी स्वतः बी धरून वाढवलेलं ते झाड. तसं दुसरं कुठेच नव्हतं. फूल म्हणाल तर पातळ चहाच्या रंगाचं, आणि उमलायच्या आधीच मान टाकणारं. प्रमिला कॉलेजात मराठी शिकवायची, त्यामुळे सुंदर कशाला म्हणावं याबद्दल तिची मतं ठाम होती. त्यांत हे फूल बसत नव्हतं, आणि नाना होते तोवर तिनं ते त्यांना ऐकवलंही होतं. आता तेच फूल जगवायचं म्हणून तिनं बागकामाची चार पुस्तकं आणली. चारही पुस्तकांचा मान राखून झाडाला चार प्रकारची खतं घातली. महिनाभरात झाड शेंड्याकडून काळं पडत खाली उतरू लागलं. हिरव्या राहिल्या त्या एवढ्या तीन काड्या. त्यांवरचे डोळे, म्हणजे सालीतले कोंब, रानगुलाबाच्या खुंटांवर कलम करून भरले तर नानांचा गुलाब राहणार होता. नाही तर गेला.

डोळे भरायचे ते नानांच्या गुलाब मंडळानं. मंडळ महिन्यातल्या एका रविवारी भिकमचंदशेठच्या परसात भरायचं. रीत अशी, की कुणाकडे नवा गुलाब आला की त्याचा एकेक डोळा प्रत्येकाच्या खुंटावर तिथंच बसून भरायचा. एकाकडचा मेला तर दुसऱ्याकडचा राहतो. नानांनी मात्र, फूल नीट उमलल्याशिवाय देत नाही म्हणत, आपल्या गुलाबाचा डोळा कुणालाच दिला नव्हता. पण मंडळात सर्वांत तरुण असलेल्या बँकेतल्या सुकदेवनं तिला फोनवरच सावध केलं होतं.

"या ताई, पण लवकर या. हल्ली आमचा गुलाबाचा विषय निघेपर्यंत दिवेलागण होते. लोकसभेची निवडणूक झाली, विधानसभेची तोंडावर आलीय. त्यात ते विद्यापीठ."

खानदेशाची कॉलेजं पुणे विद्यापीठातून निघून त्यांचं वेगळं विद्यापीठ होणार, असं एकोणनव्वदच्या त्या हिवाळ्यात जो तो म्हणत होता. ते जळगावात व्हावं की धुळ्यात, यावरून सोयरिका मोडायच्या बेताला आल्या होत्या. प्रमिलानं मनाशी ठरवलं, की नाना गेले आणि मंडळाला धरबंध उरला नाही. त्यावरच तिचं भाषण होतं.

परसात चौघं होते. सुकदेव, सरकीचे व्यापारी आणि घरधनी असलेले भिकमचंदशेठ, शाळेतून निवृत्त झालेल्या कुंदाअक्का, आणि कापडण्याहून मुलाकडे राहायला आलेले तोतारामआबा. प्रत्येकानं आपापला खुंट पिशवीत लावून आणला होता. कुंदाअक्कांनी काड्या सोडून पाहिल्या, हिरव्या आहेत म्हणाल्या आणि चाकूला धार लावायला आत गेल्या.

तेवढ्या वेळात प्रमिलानं भाषण केलं. छोटंच, पण चांगलं झालं. बाहेर काय कमी भांडणं आहेत, माणसानं महिन्यातले दोन तास तरी झाडाजवळ माणसासारखं बसावं, नाना आज असते तर त्यांना काय वाटलं असतं, वगैरे. शेवटी तिचा आवाजही जरा भरून आला. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेठनी तर टोपी काढून पुन्हा घातली.

"बरोबर बोलल्या ताई," सुकदेव म्हणाला. "राजकारण बंद. फक्त एक शंका होती. तुमच्या कॉलेजात काय म्हणतात? विद्यापीठ धुळ्याला मागतात, ते सिरियसली?"

"त्यात न मागण्यासारखं काय आहे?" प्रमिला म्हणाली.

तिला खरंच एवढंच बोलायचं होतं.

"तसं नाही, प्रमिलाबाई," शेठ हळूच म्हणाले, "पण धुळ्याला यायचं कसं पोरांनी? तुमची रेल्वे चाळीसगावपर्यंत जाते, चहा पिते अन् परत येते."

"दोन मोठे रस्ते आमच्याकडे एकमेकांना मिळतात, शेठजी. आग्रा रोड आणि सुरत-नागपूर."

"मग ट्रकांचं विद्यापीठ काढा ना."

सुकदेव हसला. ते हसणं तिला झोंबलं. धुळ्यातली जुनी दप्तरं, हस्तलिखितं, धुळ्याची ग्रंथालयं हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. शेठ म्हणाले, "वाळवीलाही धुळंच आवडतं म्हणतात." मग मात्र ती खाली वाकली आणि हातात होती त्या काडीनं मातीत रेघ ओढली.

"ही तापी. हे धुळं. हे साक्री, हे नंदुरबार, हे शहादा. या आदिवासी पोरांनी जळगावपर्यंत यायचं? नकाशा बघा जरा."

"नकाशाच बघायचा तर ही मेन लाइन," म्हणत सुकदेवनं एक काडी उचलली आणि भुसावळवरून रेघ नेली. रेघ खोल उठेना, तेव्हा दोनतीनदा घासली. भिकमचंदशेठनी तिसरी काडी घेऊन मधोमध रोवली. "अन् हे जळगाव. पुरा नकाशा एका बाजूला अन् केळी, कापूस, बाजारपेठ एका बाजूला."

मग जामनेर निघालं, बाकीचे तालुके निघाले. प्रमिलानं पांझरा नदी काढली. ती आवेशानं सातपुडा काढत होती तेव्हा कुंदाअक्का चाकू घेऊन बाहेर आल्या. स्वयंपाकघरात शेठच्या पत्नी झमकूबाईंनी त्यांना पापड लाटायला बसवलं होतं. ऊन तोवर परसभर पसरलं होतं.

"प्रमिला," त्या म्हणाल्या, "तुझ्या हातात काय आहे गं?"

प्रमिलानं हाताकडे पाहिलं. काडीची साल सोलली गेली होती आणि तिच्यावर एकही डोळा शिल्लक नव्हता. सातपुड्यात गेले होते सगळे. सुकदेवची काडी भुसावळपाशी उन्हात पडून सुरकुतली होती. तो ती घाईघाईनं सदऱ्याला पुसू लागला, जणू पुसल्यानं काही होणार होतं.

बाहेर रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. प्रमिलाला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर? भाषण केलं तेही तिनंच.

"नाना असते तर हे झालं नसतं," ती अखेर म्हणाली.

आतापर्यंत गप्प बसलेले तोतारामआबा हलले. "पोरी, नाना ऱ्हाता ते काडी त्याना हातमा ऱ्हाती."

"काय?"

"खरंय," शेठ खाली बघत म्हणाले. "काडी नानांच्याच हातात असती. विषय तेच काढायचे. आणीबाणीत तर त्यांच्या बोलण्यापायी कुलूप लावायची पाळी आली होती मंडळाला. आम्ही आपले सरकारच्या सगळ्याला हो म्हणायचो, की नाना म्हणायचे, का म्हणून हो म्हणता?"

प्रमिलाला घरचे नाना माहीत होते. ते पेपर वाचून घडी घालायचे आणि तिच्या मतांवर मान हलवायचे. हे दुसरे नाना तिच्या ओळखीचे नव्हते. की तिच्यापुढे त्यांना बोलायला सवडच मिळाली नव्हती? तिनं तो विचार तिथंच ठेवला. तेव्हा त्याला वेळ नव्हता.

कुंदाअक्कांनी शेठनी रोवलेली काडी उपटली. ती उलटी रोवली होती. वरचा भाग वाळला होता, पण मातीत गेलेल्या टोकाला दोन डोळे अजून ओले होते.

"जळगावची काडी टिकली, मी काही बोलत नाही," शेठ म्हणाले.

"बोलूच नका," अक्का म्हणाल्या.

दोन डोळे आणि खुंट चौघांचे. प्रत्येकाला एक ही रीत मोडली. कुणी मागितलाही नाही. अक्कांनी शेठच्या खुंटावर समोरासमोर दोन चिरा घेतल्या, डोळे आत सरकवले आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधली. प्रमिलानं खुंट धरला होता. तो हलू नये म्हणून आबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

तीन आठवड्यांनी, पट्टी सोडायच्या दिवशी, ती परत आली. या वेळी तिनं भाषण आणलं नव्हतं आणि बागकामाची पुस्तकं घरी कपाटावर टाकली होती. सगळे आधीच खुंटाभोवती बसले होते. अक्कांनी पट्टी सोडली. एक डोळा काळा पडून गळून आला. दुसरा हिरवा होता, फुगला होता, आणि त्याला तांबूस टोक आलं होतं.

अक्कांनी नखानं हलकेच दाबून पाहिलं. "धरलाय," त्या म्हणाल्या.

आनंद झाला म्हणून कुणीतरी काही बोलेल, असं प्रमिलाला वाटलं. पण तिच्या मानाखातर आज सगळे शहाण्यासारखे गप्प होते. सुकदेवनं तर हाताची घडी घातली होती. हे असंच चाललं तर आपण रडू, हे प्रमिलाला कळलं. नानांच्या दिवसांनासुद्धा ती रडली नव्हती. आता या चार माणसांपुढे, सरकीच्या पोत्यांच्या वासात, पातळ चहाच्या रंगाच्या फुलासाठी रडायची तिची तयारी नव्हती.

"मग," ती घाईघाईनं म्हणाली, "विद्यापीठाचं काय म्हणता, शेठजी?"

शेठनी एकदा कुंदाअक्कांकडे पाहिलं. अक्कांनी खुंट उचलून सावलीत, सगळ्यांच्या हातांपासून लांब ठेवला. मग शेठ धोतर सावरून ऐसपैस बसले.

"आता तुम्हीच विचारता म्हणून सांगतो," ते म्हणाले.