हाताची चौकशी

तक्रारीला एक फोटो जोडला होता. बांधकामावर क्रेनला हातानं खुणा करणारा सिग्नलमन, उजवा हात ताठ पुढे, तळहात जमिनीकडे. समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई ज्यू होत्या. हा नाझी सलाम आहे आणि मुद्दाम आपल्या दुकानाकडे बघून केला आहे, असं त्यांचं म्हणणं. आरोप खरा ठरला असता तर सिग्नलमनची नोकरी जाणार होती.

साइट ऑफिसात कंपनीच्या साहेबांपुढे चौकशी बसली. बाईही आल्या होत्या. क्रेन चालवणाऱ्या ताईंनी साक्ष दिली.

"साहेब, ही 'थांब'ची खूण. हात ताठ धरून आडवा हलवायचा. फोटोत हलणं कुठून दिसणार? हुकाला दोन टनांचा गर्डर होता, खाली गवंडी. हा हात पुढे आला नसता, तर आज वेगळीच चौकशी बसली असती."

साहेबांनी नियमांची पुस्तिका पुढे केली. बाईंनी त्यातलं चित्र बराच वेळ पाहिलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "माझ्या आजोबांचं सगळं घर त्या सलामवाल्यांनी संपवलं. तसा हात दिसला की मला पुढचं दिसत नाही. पण विचारायला हवं होतं."

साहेबांनी 'निर्दोष' लिहायला पेन उचललं, आणि सिग्नलमनचा आठवडाभर दाबलेला राग उसळला.

"साप साप म्हणून भुई धोपटली नुसती! या लोकांचं असंच. पैसा यांचा, पेपर यांचे, वर रडणंही यांचंच!"

साहेबांचं पेन थांबलं.

"दादा," ताई म्हणाल्या, "नऊ वर्षं तुमच्या हातावर भरवसा ठेवून मी लोखंड उचलतेय. हातासाठी साक्ष दिली. या तोंडासाठी कशी देऊ?"

"अहो, आरोप माझ्यावर झाला ना!"

"झाला. ज्याच्या घरातली माणसं साप चावून गेली, तो दोरीलाही भिणारच. तुमचा हात दोरी होता, दादा. आत्ता जे बोललात, तो साप!"

सिग्नलमन बाईंकडे वळला.

"फोटोतलं मी केलं नव्हतं. आत्ताचं मात्र मीच बोललो. माफ करा." आणि साहेबांना म्हणाला, "दोन्ही लिहा."

साहेबांनी दोन्ही लिहिलं. नोकरी राहिली, शेऱ्यासकट.

एका फोटोवरून कुणालाही दोषी ठरवू नये, हे आपण सगळेच म्हणतो. पण खोट्या आरोपातून सुटलेला माणूस द्वेषातूनही सुटलेला असतोच असं नाही. ती चौकशी ज्याची त्यालाच करावी लागते.