बांधावरची आग

चाळीस वर्षं मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी शेत साफ करतोय. कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर रचायच्या, काडीकचऱ्यासकट पेटवायच्या आणि घरी जाऊन चहा प्यायचा. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात सगळे असंच करतात. आग राखत बसायला कोणाला वेळ आहे? यंदाही मी तेच केलं.

बशी तोंडाला लावतो तोच माझी बायको सुनंदाबाई दारातून ओरडली, "आहो, टेकडी पेटनी!"

बशी हातातून गळाली. पाच वर्षांपूर्वी माझ्या शेतालगतची ही टेकडी म्हणजे नुसता उघडा मुरूम होता. गावानं चर खोदले, गवताचं बी टाकलं, चराईबंदी केली. बंदीचा राखणदार मीच. शेळी दिसली की माझं डोकं फिरायचं. शेळ्यांवर पोट असलेल्या भागाबाईला तर मी चारचौघांत वाट्टेल ते बोललो होतो; बिचारीनं निम्म्या शेळ्या विकल्या. आता कुठे गवत कमरेएवढं झालं होतं, खालच्या विहिरी उन्हाळ्यात टिकत होत्या.

धावत पोचलो तर अर्धी टेकडी काळी. भागाबाई एकटी कडुलिंबाच्या ओल्या फांदीनं आग झोडपत होती.

"सूड उगवलास ना?" मी ओरडलो.

तिनं हात थांबवला नाही. "नाना, आग तुमना बांधवरथीन चढनी. मी दखी."

मी वळून पाहिलं. माझ्या बांधापासून काळा पट्टा सरळ वर आलेला. पूर्वी आग पायथ्याशीच विझायची, कारण मुरमावर जळायला काही नव्हतंच. गवत आम्ही आणलं आणि सवय तीच ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तोवर गाव लोटला. आग विझली आणि सगळ्यांच्या नजरा भागाबाईकडे वळल्या.

"बकऱ्यास्ना राग काढा इनी," सरपंच किरण तिच्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"आग मी लावली," मी म्हणालो.

"नाना, तुम्ही तिले वाचाडू नका."

मी पुन्हा पुन्हा सांगत होतो आणि माणसं समजूत घातल्यासारखी माना हलवत होती. भागाबाईनं फांदी टाकली. तिचे तळवे सोलून निघाले होते.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमनं आयकत नहीत, ते मनं कोण आयकस?"

मी किरणचं मनगट धरलं आणि त्याला ओढत माझ्या बांधावर नेलं. पऱ्हाट्यांचा ढीग अजून धुमसत होता. त्यानं ढीग पाहिला, पट्टा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. या वेळी तो मला नाना म्हणाला नाही.

"हाई काय करं तुम्ही?"