हलणारे मंदोच्च

मित्रांनो, नागरवाड्यातल्या एका मराठी शाळेच्या कपाटावर बसलेले मी जुने पितळी यंत्र आहे. वय विचाराल तर पन्नाशी केव्हाच उलटली! गणिताच्या भास्करराव सरांनी मला हाताने घडवले. मधोमध लाकडी पृथ्वी, भोवती लांबट कडे आणि कड्यावरून सरकणारा मण्याएवढा चंद्र. कड्याच्या दूरच्या टोकावर सरांनी कोरले, ‘मंदोच्च’.

पहिल्याच दिवशी वर्ग आपल्या गुजराती-मिश्रित मराठीत खिदळला. “सर, मंद एटले ढ ने?”

“ढ नाही रे, सावकाश!” सर हसले. “इथे चंद्र पृथ्वीपासून सर्वांत लांब, म्हणून उच्च. इथेच त्याची चाल सर्वांत संथ, म्हणून मंद. जुन्या गणित्यांनी दोन्ही गोष्टी एका शब्दात बसवल्या. आणि हे टोकसुद्धा एका जागी थांबत नाही बरं का, तेही पृथ्वीभोवती फिरतं.”

त्या फेरीला जवळजवळ नऊ वर्षे लागतात. म्हणून माझ्या कड्याखाली एकशे सहा दाते आहेत. दर पहिल्या तारखेला मुले कडे एक दाता पुढे ढकलत. पहिलीत सुरू झालेली फेरी दहावीत पुरी होई. मला त्याचा भारी तोरा होता.

सर निवृत्त झाले. पुढे त्यांच्या जागी आलेल्या नलिनीबाईंनी मला पॉलिशसाठी गोरव्याच्या कारखान्यातल्या जगदेवराव फिटरांकडे दिले. माणूस मोठा प्रेमळ! त्यांनी मला लखलखीत केले आणि कडे हलते म्हणून खालून स्क्रू पिळला.

“बेन, ढिलं होतं. आता जिंदगीभर हलणार नाही!”

बाईंनी तोंडभर कौतुक केले. मी मात्र आतून रडत होते. मुलांनी दोन-तीनदा जोर लावून पाहिला, मग नाद सोडला.

चार वर्षांनी शाळेच्या समारंभाला सर काठी टेकत आले. त्यांनी कड्याला बोट लावले आणि त्यांचा चेहरा उतरला. जगदेवरावही आले होते. सरांनी त्यांना ‘मंदोच्च’चा अर्थ आणि ते टोक फिरत असते हे सांगितले, तसे ते कळवळले.

“सर, मी चालतं यंत्र बांधून घातलं हो!”

“तुम्ही जपलंत. सांगायचं आमच्याकडून राहिलं,” सर म्हणाले.

जगदेवरावांनी स्क्रू काढला. मग दोघांनी मिळून चुकलेले अठ्ठेचाळीस दाते एकेक करून पुढे नेले. सर मोजत होते, जगदेवराव ढकलत होते.

त्याच दिवाळीत सर गेले.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला. पण एखादे जुने यंत्र हलते म्हणून ते बिघडले असे समजू नका, आधी कोणाला तरी विचारा. सर मला चालते पाहून गेले. थांबलेले पाहून गेले असते, तर त्या लखलखाटाचे मी काय केले असते?