ओळीखालची सुई

मित्रांनो, मी एक जुनी विणकामाची सुई आहे. लाकडाची, टोकाशी झिजलेली. ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. त्या वर्षी माझी जोडीदारीण मोडली आणि माझं विणकाम सुटलं.

कुण्या सुताराने मला तासलं, काचकागदाने घासलं. पुढे आत्यांच्या हातात मी कितीतरी स्वेटर विणले. लोक स्वेटरला नावाजत. सुईकडे कोण बघतं?

मी एकटी उरले तेव्हा आत्यांनी मला भाचीच्या पुस्तकात आणलं. तिला सगळे ठमी म्हणत. तिची आई इस्पितळात नर्स होती, म्हणून संध्याकाळी ठमी आत्यांजवळ असे. आत्या मला ओळीखालून सरकवत वाचायच्या, ठमी मागोमाग म्हणायची. पुस्तक एकच, लंगड्या शेळीचं. पाहता पाहता ठमी ते घडाघडा वाचू लागली. पाहुण्यांसमोर तिला उभं केलं जाई. सगळे वाहवा करत. मला मात्र दिसत होतं, मी ओळीखाली असे आणि तिची नजर खिडकीबाहेर.

एक दिवस शाळेतल्या बाईंनी निरोप धाडला : वाचता आलं नाही, तर पोरीला त्याच वर्गात पुन्हा बसवावं लागेल.

"घरी तर फाडफाड वाचते!" आई चिडली.

 संध्याकाळी आत्यांनी मुद्दाम दोन पानं एकदम उलटली. चित्रातली शेळी घरी पोचली होती. ठमी म्हणत होती, "शेळी पुलावर आली."

आईने कपाळाला हात लावला. "म्हणजे इतके दिवस फसवत होतीस आम्हाला?"

ठमी म्हणाली, "मला वाटलं, यालाच वाचणं म्हणतात."

 मग आत्या म्हणाल्या, "तिला नका बोलू, वहिनी. सुई कायम माझ्याच हातात होती."

आणि त्यांनी मला ठमीच्या मुठीत दिलं. "आता तू फिरव. तू थांबशील तिथे मी थांबेन."

मूठ घामेजलेली. पहिल्याच शब्दावर मी अडकले. बराच वेळ गेला.

आईला राहवेना. "शेळी गं, शेळी!"

"वहिनी, तुमचं शिकून झालंय!"

मग रोज तसंच. अडायचं, थांबायचं, अक्षराला अक्षर जोडायचं. शेवटी बाईंनी ठमीसमोर नवं पुस्तक उघडलं, तेव्हा तिने मला दप्तरातून काढलं. मुलं हसली. ती हसली नाही. रेंगाळत, पण डोळे ओळीवर ठेवून तिने पान संपवलं. ती वरच्या वर्गात गेली.

पुढे आत्यांची दृष्टी गेली. ठमी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी, तेव्हाही मला ओळीखाली धरत असे. आत्या एका सकाळी खुर्चीतच गेल्या. आई नोकरीतून निवृत्त झाली. नातवंडं वाचताना अडली की आई ओठ घट्ट मिटून बसायची. तीही आता नाही. ठमी छापखान्यात मुद्रितं तपासता तपासता म्हातारी झाली. मी तिच्या टेबलावर, पेन्सिलींच्या डब्यात असते. हल्ली मला कुणी उचलत नाही.

मित्रांनो, घरातलं धाकटं भावंड वाचायला बसलं की त्याच्याजवळ बसा. सुई त्याच्या हातात द्या. ते अडेल. अडू द्या, पण उठून जाऊ नका.