अनुसयाबाईंचा आवाज आणि मी, जुनी हार्ड डिस्क

मित्रांनो, ज्या हार्ड डिस्कना आज कुणी फुकटसुद्धा घरात घेणार नाही, त्यातलीच मी एक. पण अजून चालते-फिरते आहे, आणि फिरते हे अगदी खरं सांगते. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या आहेत. त्या दिवसभर गरगर फिरतात आणि एक बारीक हात त्यांना न टेकता त्यांच्यावरून धावतो. तोच लिहितो, तोच वाचतो. आता फिरायचं म्हटल्यावर थोडी घरघर होणारच. या घरघरीपायी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली.

माझा जन्म थायलंडातल्या कारखान्यातला. तिथून बोटीने आले आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत कॉम्प्युटरच्या एका दुकानात येऊन पडले. भरे गावच्या धम्मपालने मला तिथून विकत घेतलं. तो पिरंगुटच्या एका कारखान्यात कामाला होता आणि हौस मात्र रेकॉर्डिंगची. त्याने मला सॅकमध्ये टाकलं आणि मोटारसायकलवरून पौड रस्त्याने घरी आणलं. त्या रस्त्याचे खड्डे तुम्हाला ठाऊक आहेतच. धक्का लागला की आमच्या जातीचा जीव जातो, त्यामुळे भरे येईपर्यंत माझा जीव मुठीत होता.

धम्मपालने घरातल्या एका खोलीला आतून गाद्या लावून स्टुडिओ केला होता. निवडणूक आली की गाडीवर लावायच्या घोषणा तिथे रेकॉर्ड व्हायच्या, लग्नसराईत हळदीची गाणी व्हायची. पण तिथलं खरं गाणं त्याच्या आईचं, अनुसयाबाईंचं. त्या भीमगीतं गायच्या. भीमजयंती जवळ आली की आजूबाजूच्या पाच-सहा गावांतून त्यांना बोलावणं असायचं. शेतावर निंदायला जाणारी बाई, पण माइकसमोर उभी राहिली की अख्खी वस्ती गप्प बसायची. धम्मपालने आईची सगळी गाणी माझ्यावर उतरवून ठेवली. गाणं झालं की तो बसून ते नीट करायचा. आधीचं खाकरणं, नंतरचं बोलणं, मधली चूक, सगळं कापून गाणं तेवढं वेगळं ठेवायचा. मूळ रेकॉर्डिंग मात्र तसंच माझ्यात पडून राहायचं, कारण माझ्याकडे जागा भरपूर.

माझी घरघर माइकमध्ये यायची. धम्मपाल वैतागायचा. शेवटी त्याने भिंतीला भोक पाडलं, वायरी आरपार काढल्या आणि अख्खा कॉम्प्युटर स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. तरी मी थोडी ऐकू यायचेच.

मग अनुसयाबाईंच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून त्या कुजबुजल्यासारखं बोलतात. जवळ बसलं तरच कळतं. पुढच्या वर्षी धम्मपाल आणि त्याची बायको तृप्ती यांना मुलगी झाली, सोनू. तिने आजीची कुजबुजच ऐकली. तिला वाटायचं, आज्या अशाच बोलतात.

आता जयंतीला माझ्यातली गाणी लागायची. तो मान माझाच होता आणि मी तो मिरवतही होते. खोटं कशाला बोलू?

अशात एसएसडीचे भाव उतरले. एसएसडी म्हणजे आमचीच धाकटी जाऊ म्हणा. पोटात काही फिरत नाही, नुसत्या चिपा. आवाज नाही, धक्क्याची भीती नाही, आणि काम असं झरझर की मी कॉम्प्युटर चालू करेपर्यंत तिचा चहा होऊन कप विसळून झालेला. आधी तिचे भाव ऐकून धम्मपाल दुकानातून परत यायचा. आता ती त्याच्या आवाक्यात आली. तृप्ती हिंजवडीला कंपनीत जाते, तिला यातलं कळतं. ती म्हणाली, घ्या की, पण तेवढ्याच पैशात अजूनही हार्ड डिस्कच मोठी मिळते. एसएसडीवर काम करा आणि जुनीवर दुसरी प्रत राहू द्या.

धम्मपाल म्हणाला, "एकीचा आवाज सोसंना झालाय. दोन-दोन कशाला सांभाळायच्या?"

नवी आली ती माझ्यापेक्षा निम्म्या जागेची. सगळं तिच्यात मावेना. म्हणून धम्मपालने कापून नीट केलेली गाणी तेवढी तिकडे नेली. मूळ रेकॉर्डिंगं काय करायची आहेत, असं म्हणून ती सोडून दिली, आणि मला फॉरमॅट मारून पुसून टाकलं. इतकी वर्षं राबले त्याचं हे फळ. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

मला शेजारच्या विकीने नेलं. त्याचा कोंबड्यांचा शेड आहे, डोंगराच्या कडेला. बिबट्याचं येणं-जाणं असतं म्हणून त्याने कॅमेरे लावले होते. कॅमेऱ्यात दिसेल ते लिहून ठेवणं हे माझं नवं काम. कोंबड्या उठल्या, कोंबड्यांनी खाल्लं, कोंबड्या झोपल्या. माझी तक्रार नाही. काम ते काम.

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. माझ्यावरचं पुसलं म्हणतात, तेव्हा ते लगेच पुसलं जात नाही. घराच्या दारावरची पाटी काढावी तसं होतं. पाटी गेली तरी माणसं आत असतातच, नवी माणसं राहायला येईपर्यंत. म्हणजे अनुसयाबाई अजून माझ्यात होत्या, आणि मी रोज थोड्या थोड्या कोंबड्या त्यांच्यावर लिहीत होते. मला सांगणारं कोण होतं? मला म्हणतील ते मी लिहायचं.

जयंतीच्या आधी आठ-दहा दिवस धम्मपालने कॉम्प्युटर चालू केला तर कॉम्प्युटरला एसएसडी सापडेचना. मी बिघडायला लागले की कुरकुरते, खडखडते, माणूस सावध होतो. धाकटीने हूं की चूं केलं नाही. काल होती, आज नाही. पौडच्या दुकानदाराने हात टेकले. पुण्याला पाठवली, तिथूनही ती तशीच परत आली. तिचाही दोष म्हणवत नाही. यंत्र आहे, कधीतरी जाणारच. सगळं एकटीच्या गळ्यात बांधणाऱ्याला काय म्हणावं?

धम्मपालने आईला सांगितलंच नाही. जेवायला बसायचा आणि ताट तसंच ठेवून उठायचा. अनुसयाबाईंनी ओळखलं. त्या एवढंच पुटपुटल्या की गाणी गेली तर गेली, तू जेव.

तृप्तीला मी आठवले. ती सोनूला कडेवर घेऊन तडक विकीच्या शेडवर आली आणि म्हणाली, आधी ते रेकॉर्डिंग बंद करा. विकी गडबडला. "वैनी, आसं कसं बंद करू? परवाच बिबट्यानं कुत्रं उचललंय."

मागून धम्मपाल आला होता. "तुजी नवी डिस्क येईस्तवर मी बसतो हितं बॅटरी घेऊन," तो म्हणाला. "पर आता बंद कर, विकी. आई हाय त्यात."

विकीने वायर काढली. धम्मपाल खरोखरच दोन रात्री तिथे बसला.

तृप्तीने मला घरच्या कॉम्प्युटरला जोडलं आणि हरवलेलं शोधणारा एक प्रोग्राम लावला. माझ्या तबकड्या इंच-इंच चाळल्या गेल्या. एवढं काम मी तरुणपणीही केलं नव्हतं. नीट केलेली गाणी सुरुवातीच्या भागात होती. त्यांच्यावर कोंबड्या लिहून झाल्या होत्या. ती गेली, कायमची गेली. पण मागच्या भागापर्यंत कोंबड्या पोचल्या नव्हत्या. तिथे ती टाकून दिलेली मूळ रेकॉर्डिंगं होती. नावं उडालेली, काही अर्धीमुर्धी, पण होती.

रविवारी सकाळी सगळे खोलीत बसले. तृप्तीने पहिली फाइल लावली. आधी माझी घरघर आली. मग अनुसयाबाई. भरलेला, मोकळा आवाज, मधे एकदा चुकून परत सुरुवात केलेली. अनुसयाबाई मांडीवर हात ठेवून ऐकत राहिल्या. धम्मपाल खाली मान घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते.

गाणं संपलं. पूर्वी धम्मपाल याच्या पुढचं कापायचा. आता ते तसंच चालू राहिलं.

"झालं का रं धम्मा? तुजी ती पेटी लई घुरघुरतीया. लोकं माजं गानं ऐकनार का तिचं? आन् दूध बघा कुनीतरी, उतू जाईल." आणि मग खळखळून हसणं.

सोनूने स्पीकरकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "ही बाई कोन हाय?"

अनुसयाबाईंनी तिला जवळ ओढलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं. "मी हाय ती."

"तू आसं न्हाई बोलत," सोनू म्हणाली.

"बोलत हुते."

सोनू स्पीकरकडे वळली. मग म्हणाली, परत लाव. तृप्तीने गाणं सुरुवातीपासून लावलं तर तिने मान हलवली. गाणं नको, ते दुधाचं लाव. त्या सकाळी ते दुधाचं किती वेळा लागलं ते विचारू नका. मी फिरत राहिले.

आता माझी एक प्रत दुसऱ्या, नव्या एसएसडीवर आहे, एक तृप्तीच्या लॅपटॉपवर. मी कपाटात असते आणि महिन्यातून एकदा मला बाहेर काढून तपासतात. मित्रांनो, भाव उतरलेत, तुम्ही खुशाल धाकटी घ्या, ती कामाची आहे. माझ्यावरही सगळा भरवसा टाकू नका, मीही कधीतरी थांबणार आहे. पण दोन ठिकाणी ठेवा. आणि घरातलं कुणी गात असेल, तर गाणं संपलं म्हणून लगेच रेकॉर्डिंग बंद करू नका.