सामानाची खोली

"बाई, नकाशा छान काढलाय. पण ह्यात तुम्ही कुठं झोपणार ते दिसत नाही," मी म्हणालो.

इन्साफबाईंनी चष्मा वर सारून आपलाच कागद पुन्हा पाहिला. शाळेच्या कचेरीतला चौकटींचा कागद होता, त्यावर पट्टीनं आखलेलं घर. दारं कुठं उघडतात तेही दाखवलेलं. त्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकून आहेत, ते त्या रेघांवरून कळत होतं.

"इथं," त्या म्हणाल्या आणि आम्ही बसलो होतो त्या घरातल्या, खोल्यांमधल्या बोळातल्या कोचावर त्यांनी हात ठेवला. "नेहमीसारखं. फक्त ह्याच्या खाली पेटी करून द्या, उस्ता. माझे कपडे मावतील एवढी."

मी बय्यूमी सुतार, आमच्याकडे कारागिराला उस्ता म्हणतात. चाळीस वर्षं इजिप्तमधल्या ह्या मन्सूरा शहरातली घरं मापतोय. जुनं घर नव्यानं लावायचं म्हटलं की माझा पहिला प्रश्न एकच, कोण कुठं झोपतं? लोकांना तो आवडत नाही. त्यांना आधी दिवाणखान्याचं सांगायचं असतं. सोनेरी पायांच्या खुर्च्या, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी, दोन ईदांना दार उघडायचं आणि बाकी वर्षभर घरच्यांनी बोळात पाय मुडपून निजायचं. वय झालं तसा मी हे तोंडावर बोलून दाखवायला लागलो. गिऱ्हाइकं त्यामुळंच कमी झाली, असं बायको म्हणते. गुडघे दुखतात म्हणून मला त्याचं फार वाईटही वाटत नाही.

इन्साफबाईंचा भाऊ वज्दी कुवेतहून कायमचा परत येत होता. बायको आणि दोन मुली उन्हाळ्यात यायच्या होत्या, तो घर लावून घ्यायला पुढं आला होता. नकाशात दिवाणखाना मोडून नवरा-बायकोची खोली केली होती. आईची खोली मुलींना. राहिली तिसरी, लहान, पण रस्त्याकडे खिडकी असलेली.

"आणि ही?"

"ती सामानाची."

"कसलं सामान?"

"माझं. लग्नाचं."

बाई एक्कावन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी हे अगदी सरळ सांगितलं, मलाच कागदाकडे बघत बसावं लागलं.

खोलीत छतापर्यंत खोकी होती. त्या नऊ वर्षांच्या असताना आईनं सुरुवात केली होती, बारा माणसांच्या ताटवाट्या, पातेली, चादरी, टॉवेल. आमच्याकडे मुलगी जरा मोठी झाली की आया हेच करतात. आणि ही खोकी आधी उघडायची नसतात, नवऱ्याच्या घरीच फोडायची. खिडकी निम्म्यावर झाकली गेली होती. आईला जाऊन सहा वर्षं झाली तरी एकाही खोक्याची चिकटपट्टी निघाली नव्हती.

वज्दी चहा घेऊन आला. "उस्ता, बोळावर माळा काढा. खोकी वर चढवू. माझी रनीम बारा वर्षांची झाली, तिला होतील. ही खोली मुलींना अभ्यासाला. ताईला मी कालच सांगितलंय."

वज्दी वाईट माणूस नव्हता. आईच्या आजारपणाचा सगळा खर्च त्यानंच कुवेतहून केला होता. वाईट माणसाला निदान फटकारता तरी येतं.

"माळा करायचा तर आत काय आहे ते बघावं लागेल," मी म्हणालो. "चिनी मातीचं वजन वेगळं, चादरींचं वेगळं."

खरं तर खोकं उचलून मला वजन कळतं. पण मला राग आला होता.

"उघडायची नसतात," बाई म्हणाल्या. मग बराच वेळ चहा ढवळत राहिल्या. शेवटी उठल्या, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि वरचं खोकं स्वतःच फाडलं.

चादरी घड्यांवर पिवळ्या पडल्या होत्या, उलगडली तशी एक घडीवरच फाटली. मिक्सरचं रबर वितळून चिकटलं होतं. तव्यांचं काळं अस्तर बोट लावताच पापुद्र्यासारखं सुटलं. एका खोक्यात गुलाबी रेशमी काहीतरी होतं, ते त्यांनी पटकन झाकलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं. ताटं तेवढी शाबूत होती.

"ह्यातलं रनीमला काय देणार?" वज्दी हळूच म्हणाला.

"चाळीस वर्षं ह्या सामानाला खिडकी दिली मी," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, नुसता थकला होता. "आणि मी बोळात. तू पाणी प्यायला उठलास की माझे पाय ओलांडून जायचास, वज्दी."

"मग बोलायचंस ना, ताई."

"कुणाला? खोक्यांना?"

बाई माझ्याकडे वळल्या. "उस्ता, लिहा. ही खोली माझी."

"आणि मुलींचा अभ्यास?" वज्दी म्हणाला, पण आता विचारल्यासारखं.

"आईच्या खोलीत. मी त्या कोचावर बसून बी.कॉम. झाले."

मग आम्ही खोकी बाहेर काढायला लागलो. माझे गुडघे कुरकुरत होते तरी मी हात लावला. सहा-सात खोकी जिन्यात गेली असतील, तोच समोरचं दार उघडलं, आतला रेडिओ मोठ्यानं ऐकू आला आणि शेजारच्या उम्म शौकींनी, लग्नात बायका जीभ नाचवून काढतात तशी, लांबलचक किलकारी ठोकली. बरोबरच होतं. अशी खोकी जिन्यात येतात ती फक्त नवरी सासरी निघाली की.

"अगं, लपवून ठेवलंस होय! नवरा कोण?"

वज्दी खोकं धरून तसाच उभा राहिला. मला जिन्यात विरघळून जावंसं वाटलं.

"कुणी नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "खोली रिकामी करतेय. मीच राहायला जाणार तिथं."

म्हातारीनं एकदा खोक्यांकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मग त्यालाही मुबारक," ती म्हणाली आणि उरलेली किलकारी हळू आवाजात पुरी केली.

खोली मोकळी झाली तेव्हा फरशीवर खोक्यांचे चौकोनी ठसे उरले होते. खिडकीतून सगळं ऊन आत आलं होतं.

"पलंग किती लांब करू?" मी विचारलं.

बाईंनी विचार केला. "पाय सरळ करून मला किती जागा लागते, तेच ठाऊक नाही हो."

मी खिशातला खडू दिला. "आडव्या व्हा. डोक्याशी एक खूण, पायाशी एक. आम्ही बाहेर थांबतो."

त्यांनी दार लावून घेतलं. मी आणि वज्दी कोचावर बसलो. दुपारची अजान झाली, संपली. आतून काही हालचाल नाही. वज्दी दार वाजवायला उठला.

"राहू द्या," मी म्हणालो. "माप घेतायत."

तो दाराला कान लावून उभा राहिला. आत बारीक घोरणं सुरू झालं होतं. मग तो अनवाणीच जिन्यात गेला आणि उम्म शौकींच्या दाराशी वाकून म्हणाला, "मावशी, रेडिओ जरा बारीक करा. ताई झोपलीय."