मधला धक्का

“हळू दाब ना फुई. अर्ध्यामा गयं का बारीक धक्का लागस, मंग बटन खाले जास. लागना का?”

योगिताने तर्जनी पुन्हा दाबली. बटण खाली गेलं, वर आलं. धक्का कुठे होता?

काजल तिच्या भावाची मुलगी, आत्याला फुई म्हणायची. लोणखेड्याला कॉलेजसमोर तिचं गेम खेळायचं दुकान होतं. भर दुपार, पोरं वर्गात, संगणक रिकामे. योगिता शहाद्याला एका वकिलांकडे टायपिंग करायची, लग्नाच्याही आधीपासून. पण हल्ली अक्षरं गळू लागली होती. परवा ‘वारस’मधला ‘स’ उमटलाच नाही आणि तो कागद कोर्टातून परत आला. तिने जुन्या कीबोर्डला दोष दिला. साहेब म्हणाले, “नवा घ्या, पण आवाज करणारा नको. पक्षकार बोलत असतात.”

काजलने तिच्यासमोर तीन कीबोर्ड मांडले होते. बटणांखाली लाल स्विच असलेला अगदी हलका. “गेमवाला पोरे हाऊच लेतस, बोट ठेवं का पळस.” योगिताने नुसती बोटं टेकवली तर पडद्यावर ‘कककक’ची रांग लागली. निळ्याचं प्रत्येक बटण ‘टक’ वाजायचं. तिसरा ब्राउन. आवाज नाही, पण बटण दाबलं गेल्याचं बोटाला कळतं. “ऑफिसले हाऊच बेस.”

“खराब व्हई हाई बटन,” योगिता म्हणाली.

काजलने चिमट्याने त्या बटणाखालचा स्विच उपसला, दुसरा बसवला आणि स्वतः दाबून पाहिला. “माले त लागस.”

योगिताने कीबोर्ड जवळ ओढला. तिने पुन्हा दाबलं. मग दुसऱ्या हाताने. मग, का कोण जाणे, बोट मुडपून पेराने दाबलं. अन् लागला की धक्का! तुरीच्या दाण्यावर पाय पडावा इतका स्पष्ट. तिने परत बोटाचं टोक टेकवलं. काहीच नाही.

मागे तव्याला बोट चिकटलं होतं, तेव्हा फोड दिसल्यावरच तिला कळलं होतं. तिला साखरेचा आजार होता. डॉक्टर दर वेळी पायांना मुंग्या येतात का विचारायचे. हातांचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“काय व्हयनं फुई?”

“काही नही. निळा दे.”

“त्याना आवाज व्हस. साहेबले चालावं नही.”

“आवाज व्हस म्हनीसनच दे.”

तिने डोळे मिटले आणि ‘वारस’ लिहू लागली. टक, टक, टक. मग एक बोट खाली गेलं, पण आवाज आला नाही. तिने तेच बटण जोराने दाबलं. टक.

काजल तिच्याकडे बघत राहिली. मग तिने आत्याच्या बोटाचं टोक धरून त्यात नख रुतवलं. “हाई लागस का?”

“लागस थोडं,” योगिता दाराकडे बघत म्हणाली. ते खरं नव्हतं.

“सकाय दवाखानामा जाऊत.”

“दिनभर काम शे. सकाय संध्याकाये जाऊत.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना वाटभर ती एकच वाक्य घोकत होती – दुकानात दुसरा नव्हता, साहेब.

तोरणमाळकडचे करमसिंग जमिनीच्या कामासाठी येऊन बसले होते. योगिताने टायपिंग सुरू केलं तशी खोली टकटकीने भरली. करमसिंग बोलायचे थांबले. साहेबांनी मान वळवली.

“योगिताताई, हे काय? बिनआवाजाचा सांगितला होता ना?”

घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. तिने बोटं बटणांवरून उचलली.

“साहेब, बोटांच्या टोकांना कळत नाही आता. साखरेमुळे असेल. आज दवाखान्यात जाणार आहे. तोवर आवाज ऐकला की समजतं, अक्षर उमटलं म्हणून.”

साहेबांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. “बरं. चालू द्या,” ते म्हणाले.

प्रतिज्ञापत्र छापून झाल्यावर तिने ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. इतकी वर्षं तिचा कागद आला की साहेब थेट खालच्या ओळीवर सही करायचे. आजही पेन तिथेच गेलं.

“आधी वाचा साहेब,” योगिता म्हणाली.

त्यांनी पेन बाजूला ठेवलं, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. ती टेबलापाशी ताठ उभी राहिली, शेवटची ओळ येईपर्यंत.